‘इन्शुरन्स आहे ना’ म्हणणाऱ्या दादासाठी : पिऊन गाडी चालवण्याचा खरा हिशेब

प्रश्न : माझा थोरला भाऊ वीस वर्षांपासून गाडी चालवतो. कोरेगाव भागातून भाजीपाला भरून रात्री वाशी मार्केटला नेतो. जाताना घेत नाही, पण माल उतरवल्यावर ढाब्यावर एक क्वार्टर मारतो, दोन-तीन तास गाडीतच झोपतो आणि सकाळी परत निघतो. बोललं की म्हणतो, ‘झोपलं की उतरते. आजवर गाडीला ओरखडा नाही. पकडलं तर दंड भरू. आणि काही झालंच तर इन्शुरन्स आहे ना.’ पिकअप वडिलांच्या नावावर आहे, कर्जही अजून फिटायचं आहे. खरंच इतका धोका आहे का, की मी उगाच घाबरतोय?

उत्तर :

तुम्ही उगाच घाबरत नाही. तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट क्वार्टर नाही, ‘पिकअप वडिलांच्या नावावर आहे’ ही आहे. ती का, ते पुढे येईलच.

मी सातारा जिल्ह्यात मोटार अपघाताचे दावे चालवतो. कधी जखमींच्या आणि मृतांच्या घरच्यांकडून, कधी गाडीमालकाकडून. दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दल बोलताना लोक पोलीस, दंड आणि मरण एवढंच बोलतात. अपघातानंतरची पाच-दहा वर्षं आमच्या कोर्टात कशी जातात, कोणाच्या सातबाऱ्यावर काय चढतं, हे फारसं कोणी सांगत नाही. म्हणून मी जरा सविस्तर लिहितो. दादाला वाचून दाखवा, वडिलांनाही दाखवा.

आधी ‘झोपलं की उतरते’ हे घेऊ, कारण हे कागदावर तपासता येतं.

कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल अशी आहे. दुचाकी असो, पिकअप असो, ट्रक असो, सगळ्यांना तीच. व्हिस्की, रम किंवा देशी, साधारण ४२.८ टक्के अल्कोहोलची असते. म्हणजे ३० मिलीच्या एका पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. सत्तर किलोच्या पुरुषात एवढ्याने रक्तातली पातळी ढोबळमानाने २० मिलिग्रॅमच्या आसपास जाते. साठ मिलीला ४० च्या वर. म्हणजे ‘एक लार्ज’ म्हणजे काहीच नाही, असं म्हणणारा माणूस एका लार्जमध्येच मर्यादा ओलांडून बसलेला असतो. क्वार्टर म्हणजे १८० मिली, सहा पेग, साठ ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल. दादाचं वजन सत्तर धरलं तर पातळी १२० ते १३० पर्यंत जाऊ शकते. मर्यादेच्या चौपट.

आता उतरण्याचा भाग. यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅम एवढंच कमी करतं. कोणात थोडं जास्त, कोणात थोडं कमी, पण झोपल्याने त्याचा वेग वाढत नाही. तीन तास झोपला तर ४५ कमी झाले. राहिले ८० च्या वर. दादा सकाळी तोंड धुऊन, चहा घेऊन, ताजातवाना होऊन गाडीत बसतो तेव्हा त्याच्या रक्तात मर्यादेच्या अडीचपटीहून जास्त दारू असू शकते. पूर्ण शून्यावर यायला त्याला आठ-नऊ तास लागतील. लिंबूपाणी, ताक, कडक कॉफी, गार पाण्याची आंघोळ यातल्या कशानेही तो हिशेब बदलत नाही. पोटात जेवण असेल तर चढायला वेळ लागतो आणि टोक थोडं खाली राहतं, पण प्यालेली दारू रक्तात यायचीच. बिअरवाल्यांनाही हाच हिशेब लागू. आठ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बाटली म्हणजे चार पेगांएवढं अल्कोहोल. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणारे माझ्यासमोर पुष्कळ येऊन बसले आहेत.

लग्नाच्या आदल्या रात्री, जत्रेत, आखाडात, एकतीस डिसेंबरला मध्यरात्रीपर्यंत दोन क्वार्टर प्यायलेला माणूस सकाळी सातला गाडी काढतो, तेव्हा तो मर्यादेच्या चार-पाच पट वर असू शकतो. त्याला मात्र वाटतं की दारू रात्रीची, आता सकाळ झाली.

दादाच्या बाबतीत यात जागरण मिळवा. दिवसभर शेतातून माल गोळा करायचा, संध्याकाळी भरायचा, खंबाटकी घाट ओलांडायचा, रात्रभर चालवून मार्केटला पोचायचं. सलग सतरा-अठरा तास जागा असलेला माणूस एक थेंबही न पिता तपासला, तरी त्याची प्रतिक्रिया रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाएवढी मंद झालेली असते, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. तीन तासांची तुटक झोप, वर ती शिल्लक दारू. ही दोन्ही एकमेकांत नुसती मिळत नाहीत, एकमेकांना वाढवतात.

दारू पहिल्यांदा हातपाय पकडत नाही. ती पहिल्यांदा अंदाज पकडते. समोरची गाडी किती लांब आहे, आपला वेग किती, ओव्हरटेकला जागा पुरेल का, हे ठरवणारी मेंदूची बाजू सगळ्यात आधी सैल होते आणि त्याच बाजूकडे ‘मी चालवण्याच्या स्थितीत आहे का’ हे ठरवायचं काम असतं. म्हणून प्यायलेला माणूस ‘मला काही झालं नाही’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला खरोखर तसंच वाटत असतं. नीट चालतोय, नीट बोलतोय, म्हणजे नीट चालवेल, असं बघणाऱ्यालाही वाटतं. सवयीच्या पिणाऱ्यांत तर हे फारच फसवं. त्यांचं बोलणं-चालणं सावरलेलं असतं, पण रक्तातला आकडा तोच असतो.

आपल्या भागातला एक धोका मुद्दाम सांगतो. नोव्हेंबर ते मार्च उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर, कधी पंक्चर होऊन रस्त्याकडेलाच उभ्या. समोरून येणाऱ्याचा हाय बीम डोळ्यात गेल्यावर नजर सावरायला शुद्धीतल्या माणसालाही क्षणभर लागतो, प्यायलेल्याला जास्त लागतो. ताशी ७२ किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २० मीटर जाते. ब्रेकवर पाय जायला नुसता अर्धा सेकंद उशीर झाला, तर दहा मीटर आधीच गेले. ट्रॉलीला मागून धडकलेल्या पिकअपचे स्थळ पंचनामे मी वाचतो तेव्हा त्यात टायर घासल्याच्या खुणाच नसतात. म्हणजे ब्रेक लागलाच नाही.

‘वीस वर्षांत ओरखडा नाही’ यावर मी कमी लिहितो. माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक चालकाचं अपघाताच्या आदल्या दिवसापर्यंतचं रेकॉर्ड असंच होतं. एवढंच त्याला सांगा.

सरकारी आकडे बघितले तर कोणी म्हणेल की दारूचा वाटा लहान आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यात दारू किंवा नशा हे कारण दोन-तीन टक्क्यांतच दाखवलं आहे. मी रोज ज्या केसचे कागद हाताळतो त्यावरून सांगतो, हा आकडा कमी दिसायला कारण आहे. चालक पळून जातो, किंवा आधी खाजगी दवाखान्यात जातो, रक्त घेतलंच जात नाही किंवा बारा तासांनी घेतलं जातं. मग ती केस भरधाव वेगाच्या रकान्यात जाते. प्यायल्यामुळे वेग वाढला, हे त्या रकान्यात कुठेच येत नाही.

आता ‘पकडलं तर दंड भरू’.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा पकडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीने दंड असा वाढला. हेल्मेट-सीटबेल्टसारखी ही पावती जागेवर फाडून मिटत नाही, कोर्टात हजर व्हावं लागतं. नोकरीसाठी किंवा पासपोर्टसाठी चारित्र्य पडताळणी होते तेव्हा ही नोंद समोर येऊ शकते. गाडी चालवायचा नुसता प्रयत्नही या कलमात येतो, म्हणजे ‘अजून निघालो कुठे होतो’ हा बचाव नाही. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, मग दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. फुंकायला किंवा रक्त द्यायला सबळ कारण नसताना नकार दिला तर तो नकारच पुढे त्याच्याविरुद्ध वापरला जातो. ‘फुंकलंच नाही तर पुरावा काय’ असा सल्ला ढाब्यावर मिळतो, तो चुकीचा आहे.

शिवाय लायसन्स किमान तीन महिन्यांसाठी निलंबित होण्याची कारवाई होते. ज्याची भाकरी स्टिअरिंगवर आहे त्याच्यासाठी दहा हजारांपेक्षा हे तीन महिने महाग पडतात. हप्ता थांबत नाही.

आणखी एक कलम फार थोड्यांना माहीत असतं. कलम १८८. प्यायलेल्याला गाडी चालवायला जो उत्तेजन देतो त्यालाही तीच शिक्षा. सोबत बसून पाजणारा, ‘चल, काही होत नाही’ म्हणत किल्ली हातात देणारा मित्र यात अडकू शकतो.

माणूस मेला तर गोष्ट वेगळ्या पातळीवर जाते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कलम १०६ (१) खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा. जुन्या कलम ३०४ अ मध्ये ही मर्यादा दोन वर्षं होती, लोकांच्या डोक्यात अजून तीच बसली आहे. पण चालक प्यायलेला असेल तर पोलीस आता कलम १०५ लावतात, सदोष मनुष्यवध. त्यात दहा वर्षांपर्यंत.

याचा पाया मुंबईच्या कार्टर रोड खटल्याने घातला. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्यात कार्टर रोडच्या फूटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सात जण मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल निघालं, म्हणजे १०० मिलीत ११२ मिलिग्रॅम. दादाच्या क्वार्टरच्या आसपासचाच आकडा. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा धरून सहा महिन्यांची शिक्षा दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं सक्तमजुरी दिली आणि १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. यातलं तत्त्व दादाला समजावून सांगा. मारायचा हेतू नव्हता हे कोर्टालाही मान्य असतं. पण इतकी पिऊन मी गाडी चालवली तर कोणीतरी मरू शकतं, ही जाणीव तुला होती की नाही, एवढंच बघितलं जातं. आणि ती नव्हती असं कोण म्हणणार?

पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. त्या प्रकरणात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली, मुलाच्या आईवडिलांनाही झाली. खटल्यात काय ठरायचं ते ठरेल. मला त्यातून वेगळी गोष्ट सांगायची आहे. दारूचा पुरावा रक्तातून तासागणिक कमी होतो, म्हणून सगळी ओढाताण पहिल्या काही तासांची असते. तुमच्या घरचं कोणी दुसऱ्याच्या गाडीखाली आलं तर एक माणूस जखमीसोबत जाऊ द्या आणि दुसऱ्याने पोलीस ठाण्यात थांबून चालकाचं रक्त घेतलं का, किती वाजता घेतलं, सीलबंद केलं का, हे विचारत राहा. जमल्यास अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पुढच्या सगळ्या गोष्टी त्या एका बाटलीवर उभ्या राहतात.

आता विम्याकडे येतो. मला खरं इथेच बोलायचं आहे, कारण दादाचा सगळा धीर या एका वाक्यावर आहे.

समजा दादाच्या पिकअपखाली एक दुचाकीस्वार आला आणि गेला. वय ३२, खाजगी नोकरी, पगार महिना २५,००० रुपये, मागे बायको, दोन मुलं आणि आई. भरपाई कशी निघते ते बघा. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत पद्धत घालून दिली आहे. चाळिशीच्या आतल्या अशा माणसाच्या पगारात भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, झाले ३५,०००. वर्षाचे ४,२०,०००. घरात चार जण अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा, राहिले ३,१५,०००. ३१ ते ३५ वयोगटाचा गुणक १६, म्हणजे वर्षाच्या रकमेला १६ ने गुणायचं. गुणाकार केला की ५०,४०,००० रुपये. वर सहवासाची हानी, अंत्यविधी वगैरेची ठरीव रक्कम, आणि दावा दाखल केल्या दिवसापासून व्याज. निकाल चार-पाच वर्षांनी लागला की हा आकडा पाऊण कोटीच्या दिशेने गेलेला असतो. हे एका साध्या पगारदाराचं. मेंदूला मार लागून अंथरुणाला खिळलेल्या तरुणाच्या दाव्यात जन्मभराची शुश्रूषा आणि औषधोपचार धरले तर रक्कम याहून मोठी होऊ शकते.

दादा म्हणेल, द्यायचे कंपनीनेच. बरोबर, बहुतेक वेळा पहिल्यांदा कंपनीच देते. तिसऱ्या व्यक्तीचं संरक्षण हा सक्तीचा विमा आहे, आणि प्यायलेल्या चालकामुळे मेलेल्याच्या मुलाबाळांना कंपनीने हात हलवत परत पाठवू नये, असाच न्यायालयांचा कल आहे. पण त्याच आदेशात पुढे एक ओळ येते. कंपनीने रक्कम भरावी आणि नंतर ती गाडीमालकाकडून व चालकाकडून वसूल करावी. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दारूच्या केसमध्ये नेमकं हेच केलं. चालकाने पिऊन गाडी चालवणं हा पॉलिसीच्या अटीचा भंग आहे आणि दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्यातही कंपनीच्या बचावांत त्याचा उल्लेख आला आहे. कंपन्यांचे वकील आता दारूचा अहवाल फाइलमध्ये आहे का, हे पहिल्या तारखेपासून बघतात.

वसुली कोणाकडून? गाडीमालकाकडून. मालक तुमचे वडील. त्यांनी थेंबही घेतलेली नाही, ते घरी झोपलेले होते, तरी आदेशात त्यांचं नाव पहिलं असणार. कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुली प्रमाणपत्र जातं आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे तलाठी येतो, सातबाऱ्यावर बोजा चढतो, मग त्या जमिनीवर पीककर्ज मिळत नाही, ती विकता येत नाही, भावाभावांत वाटणी अडकते. मालक किंवा चालक मरण पावला म्हणून हे मिटत नाही. त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरती जबाबदारी वारसांवर येते. तुमचाही त्या जमिनीत हिस्सा असेल. दादाच्या क्वार्टरचा हिशेब तुमच्या मुलांपर्यंत जाऊ शकतो.

माझ्यासमोर अशा नोटिसा घेऊन येणारे बहुतेक जण साठीच्या पुढचे बाप असतात. टोपी हातात धरून विचारतात, ‘मी काय केलं?’ कायद्यात त्याचं उत्तर सोपं आहे, तोंडावर सांगायला अवघड.

हे झालं दुसऱ्याच्या नुकसानीचं. आपल्या गाडीचं काय? तिथे कंपनी पहिल्यांदाही देत नाही. नशेत चालवताना झालेलं नुकसान पॉलिसीत सरळ वगळलेलं असतं. ‘फुंकायला लावलंच नव्हतं, मग दारू सिद्ध कशी?’ असा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयात होऊन गेला आहे. डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ एक पोर्शे आदळून जळाली. ब्रेथ ॲनालायझर नाही, रक्ताचा अहवाल नाही. फक्त दवाखान्याच्या कागदावर दारूचा वास असल्याची नोंद आणि अपघाताची एकूण परिस्थिती. २०२१ मध्ये इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या निकालात सर्वोच्च न्यायालयाने इफ्को टोकियो या विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला. परिस्थितीजन्य पुराव्यावरही कंपनी हे सिद्ध करू शकते, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे ग्रामीण रुग्णालयात ड्यूटीवरच्या डॉक्टरने रात्री लिहिलेली ती एक ओळ तुमच्या पिकअपचा क्लेम घालवू शकते. गाडी भंगारात, कर्ज बँकेत चालूच.

आणि दादाच गेला तर? मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा मुळात मालकाच्या नावाचा असतो, दादाला तो लागूच होणार नाही, आणि लागू झाला असता तरी नशेत तो बाद. आयुर्विम्याचा अपघाती लाभही नशेत मिळत नाही. शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेतून दोन लाखांचा आधार मिळतो, त्यातही नशेच्या अमलाखाली झालेला अपघात वगळलेला आहे. शवविच्छेदनात व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवतात आणि प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत ती फाइल हलत नाही. स्वतःच्या चुकीने मेलेल्या चालकाच्या घरच्यांना दुसऱ्या कोणावर दावाही लावता येत नाही. वहिनींच्या हातात काय येईल, याचं उत्तर बऱ्याच वेळा ‘काही नाही’ असं असतं, आणि मला ते समोर बसलेल्या बाईला सांगावं लागतं.

मग करायचं काय?

दादाला दारू सोड असं पहिल्याच दिवशी सांगू नका. गाडी आणि दारू यांच्यात अंतर पाडणं ही वेगळी, लगेच जमण्यासारखी गोष्ट आहे. त्याला क्वार्टर घ्यायचीच असेल तर ती घरी आल्यावर, गाडी लावल्यावर, किल्ली वडिलांच्या किंवा वहिनींच्या ताब्यात दिल्यावर. पुढची फेरी त्यानंतर किमान दहा-बारा तासांनी. जास्त प्यायला तर त्याहून पुढे ढकला.

परतीच्या प्रवासात तो पितो याचं कारण शोधा. माझा अंदाज असा की थकवा आहे, हातात रोख पैसे आहेत आणि ढाब्यावर सोबतचे चालक आहेत. माल उतरवल्यावर मार्केटमध्येच जेवण करून सहा-सात तास सलग झोप मिळेल अशी सोय झाली तर निम्मा प्रश्न सुटतो. परत यायला दुपार होईल, होऊ द्या. गावातली दोन-तीन वाहनं मिळून एक बदली चालक ठेवता आला तर उत्तमच. त्याचा पगार वरच्या आकड्यांशेजारी ठेवून बघा. ठरलेले पैसे रोख न घेता खात्यावर घेतले तरी ढाब्यावरचा हात आखडतो, हे मी काही घरांत पाहिलं आहे.

वडिलांनी मालक म्हणून एक स्पष्ट शब्द द्यायला हवा : पिऊन माझी गाडी चालवायची नाही, चालवलीस तर दुसरा चालक ठेवीन. हे भावापेक्षा बापाने सांगितलेलं बरं, आणि दादा शुद्धीत असताना, सकाळी, वहिनी समोर असताना. प्यायलेल्या माणसाशी वाद घालून काही हाती लागत नाही. तो निघायच्या बेतात असेल तर भांडू नका, किल्ली काढून घ्या, जेवायला बसवा, झोपवा. फोनवर असेल तर ‘आहेस तिथेच झोप, सकाळी बोलू’ एवढंच म्हणा. उशीर केला म्हणून घरात कोणी त्याला बोलणार नाही, हे त्याला आधीच माहीत असू द्या. पुष्कळ चालक नुसत्या बोलणी खाण्याच्या भीतीने अंधारात निघतात.

एवढं करूनही त्याला अंतर पाळता येत नसेल, न घेतल्यावर हात थरथरत असतील, घाम येत असेल, झोप लागत नसेल, तर हा शिस्तीचा विषय राहिला नाही, आजाराचा झाला. अशा माणसाची दारू घरी एकदम बंद करू नका. त्यातून फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात न्या किंवा पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात विचारा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभा आता तालुक्याच्या गावांतही होतात आणि त्यांना पैसे लागत नाहीत.

अपघात झालाच तर पळायचं नाही. जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि पोलिसांना कळवणं हे कलम १३४ खाली चालकाचं कर्तव्यच आहे. जमावाच्या भीतीने थांबणं शक्य नसेल तर थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन हजर व्हा, १०८ आणि ११२ ला फोन करा. ‘चालक मी नव्हतो, हा होता’ म्हणून दुसऱ्याला उभं करण्याचा सल्ला देणारे लोक अशा वेळी हमखास भेटतात. मोबाइलचं लोकेशन, टोलनाक्याचे कॅमेरे आणि फास्टॅगची नोंद यांपुढे ते टिकत नाही, आणि खोटा पुरावा उभा केल्याचा नवा गुन्हा अंगावर येतो, तोही घरातल्या दोघांवर.

शेवटी एक काम या आठवड्यातच करा. पिकअपची पॉलिसी काढून वाचा. मुदत संपलेली नाही ना, फिटनेस आणि परमिट चालू आहे ना, पगारी चालकाचा वेगळा हप्ता भरला आहे का आणि केबिनमध्ये किती जणांना कव्हर आहे, हे बघा. परतीला रिकाम्या गाडीत गावचे दोघं-तिघं मागे बसून येत असतील तर तेही थांबवा. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशाची जबाबदारी कंपनीवर नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या आशा राणी निकालात स्पष्ट केलं आहे. मालासोबत जाणाऱ्या मालाच्या मालकाला संरक्षण आहे, माल उतरल्यावर नुसता परत येणाऱ्याचं तसं नाही. त्यांच्यापैकी कोणाला काही झालं, तर दादा प्यायलेला असो वा नसो, ती सगळी रक्कम पहिल्यापासून वडिलांच्याच नावावर निघेल.